नातीचं अक्षर

चिनी वस्तीतल्या दवाखान्याच्या पडद्यावर पेशंटची नावं दाखवण्यासाठी ती चिनी अक्षरांचा फॉन्ट बनवत होती. यंत्रात सात हजारच अक्षरं मावत होती, म्हणून क्वचित लागणारी तिने वगळली. यादी तपासणारे निवृत्त चिनी मास्तर एकदम थबकले.

"अगं, माझ्या नातीच्या नावातलं अक्षरच नाही! मधेच रिकामी चौकट दिसेल."

फॉन्ट उद्याच द्यायचा होता आणि जागा एकही उरली नव्हती. दोघांनी यादी पहिल्यापासून चाळली. दुपारी मास्तर ओरडले, "हे बघ, हे अक्षर दोनदा आलंय!"

तिने एक काढून तिथे नातीचं बसवलं. पडद्यावर पूर्ण नाव उमटलं, तसा तिचा जीव भांड्यात पडला.

"अजून जुळी शोधूया," मास्तर हसत म्हणाले. "नातवंडं इतरांनाही असतात."