पानाशी ताडून

"पान तोडायचं नाही. दोन बोटांत हलकं चोळायचं आणि बोटं नाकाशी न्यायची. अर्क फसवेल, पान फसवणार नाही."

मामांनी मला अत्तराच्या कामाला बसवलं, तेव्हाचं हे पहिलं सांगणं. कारखान्याच्या खिडकीत डब्यात टोमॅटोचं रोप असतं ते त्यासाठीच. एक वाळलं की त्याच्याच बियांतून दुसरं येतं.

गुलाबाच्या अत्तरात टोमॅटोच्या पानाचा अर्क घालतो म्हटलं की लोक हसतात. पण नुसता गुलाब गोडगोड लागतो. या हिरव्या, कडवट अर्काचा थेंब पडला की तो देठावर उभा राहतो, नुकतंच कोणी झाडांना पाणी घातल्यासारखा. हात सैल सुटला तर मात्र गुलाब राहतो बाजूला आणि खोलीभर मांजराच्या मुतासारखा उग्र दर्प.

मामांचा हात कधी सुटला नव्हता. तरी एकदा बरण्या पुसताना ते म्हणाले होते, "नाक गेलं की ते ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. माझं गेलं तर तू सांग. बाहेरून कळायला नको." मी हो म्हटलं. तेव्हा त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

आज सकाळी त्यांनी नव्या मिश्रणात कागदी पट्टी बुडवून माझ्यापुढे धरली. "बघ बरं, कसं जमलंय?"

पट्टी जवळ येताच कपाळात कळ गेली. गुलाब कुठे नव्हताच. दुपारपर्यंत माझं मौन असतं, हे व्रत त्यांना ठाऊक आहे. मी मान खाली घातली. त्यांना तो होकार वाटला.

"भरा बाटल्या," त्यांनी बाटल्या भरणाऱ्या मावशींना सांगितलं आणि पाठ टेकायला माडीवर गेले.

आधी मी माझ्याच नाकावर संशय घेतला. बाहेर मोकळ्या हवेत जाऊन आले. मग पान चोळलं. ओला, गवताळ, जरासा तिखट वास. मग पट्टी. पान जे हळूच सांगत होतं, ते पट्टी अंगावर धावून सांगत होती.

मावशींनी तोंडाला पदर बांधून पहिली बाटली पुढे ओढली होती. मी नरसाळ्यावर हात ठेवला.

"थांबते बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं."

दुपारची घंटा होईपर्यंत आम्ही रिकाम्या बाटल्या पुसत राहिलो. मग मी तोंड उघडलं. "अर्क जास्त झालाय, मावशी."

"जास्त? दारात मांजरं जमतील." आम्ही दोघी हसलो. मग मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "वरून गुलाब घाल, सारखं कर. तुझ्या मामांना कळणारसुद्धा नाही."

"तेच तर."

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. म्हणाल्या, "मग कोरी पट्टी दे हातात. वा वा म्हणाले की आपोआप उजेड पडेल."

"आपल्या माणसाची अशी परीक्षा घेऊ नये."

"मग चिठ्ठी लिही."

"चिठ्ठी वाचताना माणूस एकटा पडतो, मावशी."

"अगं, नाकावर माशी बसू न देणारा माणूस तो. त्याला सांगणार, तुमचं नाक गेलं?"

मौन मी देवासाठी धरते. पण सकाळी मान खाली घालताना मला त्याचा आडोसा मिळाला होता, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं. ते मनाला लागून राहिलं. देवाच्या नावानं घेतलेलं आपल्या सोयीला वापरायचं नसतं.

"आणि सांगितल्यावर पुढे?" मावशींनी विचारलं.

"पुढे मापं त्यांची आणि नाक माझं. अजून त्यांच्याइतकी मापं मला कुठे येतात?"

मावशींनी पदर सोडला, मिश्रणाच्या बरणीला बूच लावलं आणि ती फळीवर मागे सरकवून ठेवली. "जा मग. चहा मागाहून आणते. लवकर नाही आणत."

मी हात धुतले. सांगताना पान त्यांच्या हाताशी हवं होतं आणि ते तोडायचं नव्हतं, म्हणून खिडकीतला डबाच उचलला, आणि पायरीवर माती सांडू नये म्हणून तळाशी हात धरून जिना चढू लागले.