फळ्यावर आलेला शब्द

मित्रांनो, कागद कारखान्याच्या फाटकाजवळ टांगलेला जुना सूचनाफलक तो मीच. कारखान्याच्या सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले, तेव्हा कारखाना सरकारचा होता. रजा, बढत्या, पाळ्या, सारे आधी माझ्या अंगावर लागे. "फळ्यावर आलंय" म्हटले की वाद मिटत. याचा मला फार अभिमान होता.

पाळी सुटताना सूचना मोठ्याने वाचण्याचा मान कागद निवडणाऱ्या मावशींचा होता. त्या आधी कागद दोन बोटांत चोळत आणि म्हणत, "आपलाच आहे." मगच वाचायला घेत.

एके दिवशी माझ्यावर भलामोठा शब्द आला : विराष्ट्रीयीकरण. मावशी अडखळल्या. जवळच उभ्या असलेल्या कारखान्याच्या साहेबांना त्यांनी विचारले, "याचा अर्थ काय हो?"

"सरकार कारखान्यातून अंग काढून घेणार. मालक तेवढा बदलेल."

"आणि आमची कामं?"

"त्यांना कोण हात लावतंय? बिनघोर राहा म्हणावं सगळ्यांना."

मावशींनी तसेच सांगितले. बॉयलरवाल्या काकांना दुसरीकडे नोकरी चालून आली होती. मावशींच्या शब्दावर त्यांनी ती नाकारली.

तीन महिन्यांनी नवी सूचना लागली. मावशींनी सवयीने कागद चोळला आणि त्यांचा हात थबकला.

"हा आपला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

कागद बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने सूचनेसाठी कागद बाहेरून आणला होता. यंत्रे विकली होती, इथे आता गोदाम होणार होते. खाली कामावरून काढलेल्यांची नावे होती. मावशींनी ती एकेक करून वाचली. काकांचे वाचले, शेवटी स्वतःचेही वाचले.

काका म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलो होतो, ताई."

मावशींसारखाच मीही फसवला गेलो होतो, पण मला तोंड कुठे होते? ज्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, त्यांचाच माझ्याकरवी घात झाला. ते शल्य आजही जात नाही.

आता मी गोदामामागे भिंतीला टेकून पडलो आहे. अंगभर टाचण्यांची भोके आहेत.

मित्रांनो, तो शब्द माझ्यावर रीतसर सहीशिक्क्यानिशी लागला होता. त्याचा अर्थ मात्र साहेबांनी नुसता तोंडी सांगितला. तुमच्या फळ्यावर असा शब्द आला, तर अर्थही लिहून मागा, खाली सही मागा. माझ्यावर त्या दिवशी तेवढी जागा रिकामी होती.