पुढच्या दोन दातांतली फट

ज्या खोलीत माणसांचे दात तयार होतात तिथे ती माणसं कधीच फिरकत नाहीत, ही त्या धंद्यातली एक गंमत आहे. तिथे येतात ते प्लास्टरचे ठसे. दंतवैद्याकडून डबा येतो, डब्यावर नंबर असतो, कवळी तयार होते आणि डबा परत जातो. दोनशे चौदा नंबर हसतो कसा, बोलतो कसा, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं.

अशाच एका कार्यशाळेत ती कामाला लागली तेव्हा तिथे दोनच माणसं होती. एक मालकीणबाई आणि दुसरे मास्तर, जे एकतीस वर्षं मेणात एकेक दात हाताने बसवत आले होते. ही तिसरी, म्हणून तिचं नाव पडलं नवी. तिला घेतलं होतं नव्या यंत्रासाठी. पडद्यावर कवळी रचायची, बटण दाबायचं, की यंत्र ती कोरून हातात देतं. मास्तरांना तीन दिवस पुरायचं ते काम दुपारच्या चहाआधी तयार. तीन महिने काम बघून मग कायम करू, असं मालकीणबाईंनी सांगितलं होतं, आणि नवीच्या डोक्यात त्या तीन महिन्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. तिच्या आईची टेलिफोन जोडून देण्याची नोकरी यंत्रानेच खाल्ली होती. तेव्हा आपण कायम यंत्राच्या बाजूने उभं राहायचं, हे पोरीने शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं.

दोनशे चौदाच्या डब्यात ठशाबरोबर एक जुनी कवळीही आली होती, मधोमध दोन तुकडे झालेली. ‘नमुन्याप्रमाणे करावी’ अशी चिठ्ठी होती. नवीने तुकडे जुळवून पाहिले आणि तिला हसूच आलं. पुढच्या दोन दातांत चांगली फट, आणि शेजारचा दात रांगेतून बाहेर डोकावणारा.

“मास्तर, ही तुमची का?” तिने विचारलं. “हात हलला वाटतं.”

मास्तरांनी चष्म्यावरून एकदा कवळीकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. “माझीच,” एवढंच म्हणून त्यांनी परत मेणात डोकं घातलं.

नवीने पडद्यावर फट बुजवली, दात रांगेत आणला. कवळी अशी देखणी झाली की तिने तिचा फोटो काढून आईला पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आठवड्याने डबा परत आला. दंतवैद्याची चिठ्ठी होती, ‘मापाला बरोबर. पण रुग्ण घालत नाही. कारण सांगत नाही.’ नवीने टाळूकडची जाडी कमी केली, कडा गुळगुळीत केल्या. डबा पुन्हा परत आला. चिठ्ठीत तेच.

“तिसऱ्यांदा आला, तर तो दवाखाना आपलं काम बंद करेल,” मालकीणबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नसत, म्हणून जास्त भीती वाटायची. “तुझे तीन महिने शुक्रवारी संपतात ना?”

दुपारी नवीने दवाखान्यातून पत्ता मागून घेतला आणि त्या धंद्यात कुणी करत नाही ते केलं. परत आलेली कवळी घेऊन रुग्णाच्या घरी गेली.

दार एका उंच, वाकलेल्या आजोबांनी उघडलं. तोंडाशी रुमाल धरलेला. ती कोण हे कळल्यावर ते जरा दचकले, पण आत या म्हणाले. खिडकीशी त्यांची बायको बसली होती, मांडीवर घड्या घातलेले कपडे. त्याच घड्या मोडून ती पुन्हा घालत होती. नवीने पुढे केलेली कवळी आजोबांनी रुमालाआड चढवली. रुमाल खाली आला तेव्हा सगळे दात जागच्या जागी होते. एकसारखे, पांढरे, सरळ. नवीला क्षणभर अभिमान वाटला.

“बसा ना,” आजी दोघांनाही म्हणाल्या. मग आजोबांकडे वळून, परक्या माणसाशी बोलतात तशा अदबीने, “तुम्ही पण बसा हो. उभे किती वेळ राहणार? हे बाहेर गेलेत, येतीलच इतक्यात.”

आजोबा पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले.

“तिला विसरायला होतं,” ते हळू आवाजात नवीला म्हणाले. “मुलांची नावं गेली, दिवस-वार गेले. मी तेवढा उरलो होतो. जुनी कवळी हातातून पडली आणि मीही गेलो. दात नसले तरी ओळखत नाही, हे घातले तरी ओळखत नाही. पंधरा दिवस झाले, माझ्याच घरात पाहुणा आहे. हे डॉक्टरांना काय सांगायचं? दात दुखतात असं तर खोटंही सांगता येत नाही.”

“तुमचे हे दिसतात कसे, आजी?” नवीने विचारलं. का विचारलं हे तिलाही कळलं नाही.

आजींचा चेहरा उजळला. “अगं, पुढच्या दोन दातांत ही एवढी फट! शेजारचा दात तर रांग मोडून पुढे. आई म्हणाली, कसला नवरा निवडलास, दातांना शिस्त नाही. मी म्हटलं, आई, हसू यायला दार नको का?” आणि त्या स्वतःच खुदकन हसल्या. शेजारी बसलेला नवरा हे ऐकत होता आणि त्याला हसताही येत नव्हतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं नवीला झालं.

ती परत आली ती थेट मास्तरांच्या टेबलापाशी. आजी-आजोबांचं सगळं सांगून म्हणाली, “ती फट तुम्ही मुद्दाम ठेवली होतीत.”

“मग काय तर! लग्नाचा फोटो मागवला होता त्यांचा. भिंग लावून चार दिवस बसलो होतो.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलंस का?” मास्तर फटकन बोलून गेले. मग त्यांनी हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. “नाही, माझंही चुकलं. तू माझ्या कामाला हसलीस आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, पडू दे तोंडावर, आपोआप शिकेल. आणि पडला कोण, तर तो बिचारा म्हातारा. माझ्या वयाला शोभलं नाही ते.”

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. सगळं नीट न ऐकताच त्यांनी निकाल लावला. “म्हणजे नमुनाच वाकडा होता. मग यात तुझी चूक नाही.”

सुटकेचं दार असं आपणहून उघडं होतं. मास्तर काही उलट बोलणार नव्हते. शुक्रवार परवावर आला होता.

“नमुना बरोबर होता, बाई,” नवी म्हणाली. “नमुन्याप्रमाणे करा असं लिहिलं होतं. मीच ते चूक समजून सरळ केलं. विचारलं नाही.”

मालकीणबाई यंत्रापाशी गेल्या. “यंत्राला फट काढता येते का?” त्यांनी विचारलं.

“यंत्र सांगाल ते काढतं. सांगणाऱ्याला ठाऊक हवं.”

“मग सोमवारी आल्यावर पहिल्यांदा कामाच्या फॉर्मवर एक रकाना वाढव. हसतानाचा फोटो.”

सोमवारी आल्यावर! नवीला ते शब्द कळायला जरा वेळच लागला.

कवळी त्या दोघांनी मिळून केली. मास्तर त्या लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून सांगत, “अजून केसभर पुढे,” आणि नवी पडद्यावर दात केसभर पुढे घेई. शुक्रवारी नवी स्वतःच ती घेऊन दवाखान्यात गेली. कवळी बसवून झाली तेव्हा आजोबांनी आरशात पाहायलाच नकार दिला.

“घरापर्यंत येशील?” त्यांनी नवीला विचारलं. “हिने आजही बसा हो म्हटलं, तर एकट्याला ऐकवणार नाही.”

दाराशी आल्यावर त्यांनी नवीला पुढे केलं. आजी खिडकीशीच होत्या. तिला बघून म्हणाल्या, “ये, बस.” मग त्यांनी नवीच्या मागे पाहिलं. आजोबांना हसायचं होतं, पण ओठ थरथरत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. शेवटी जमलं ते अर्धंच.

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“अहो, ही काय यायची वेळ?” आजी कडाडल्या. “इतके दिवस एक गृहस्थ रोज येऊन बसत होते तुमच्यासाठी! बिचारे फार चांगले होते. चहा कर म्हणून एकदासुद्धा म्हणाले नाहीत.”

“चुकलंच माझं,” आजोबा म्हणाले आणि आपल्या घरात आपल्या खुर्चीवर पाठ टेकून बसले.