पाठीवरचा नंबर

"मित्रा, सुनावणीत पाय घसरला म्हण. विषय संपला," संघाचा कॅप्टन फोनच्या स्पीकरवर म्हणाला.

फोन बंद झाल्यावर तेजश्रीने नवऱ्याला विचारलं, "खरंच घसरला होता?"

अनिश कणीक मळत राहिला.

पुण्याहून शिकायला सिडनीला आलेला अनिश युनिव्हर्सिटीत असताना एका आइस रिंकवर भाड्याचे स्केट्स द्यायचं काम करायचा. पडत-झडत तिथेच आइस हॉकी शिकला. आता आठवडाभर पॅरामॅटा उपनगरात बँकेची नोकरी आणि शनिवारी लीगची मॅच. इतक्या वर्षांत त्याचा क्लब पहिल्यांदाच फायनलला पोचला होता.

पण सेमीफायनलमध्ये, रिंकच्या कडेच्या फळीपाशी वाकलेल्या, समोरच्या संघातल्या लियमला त्याने मागून जोरात धडक दिली होती. लियमच्या खांद्याचं हाड मोडलं. रेफरीला नीट दिसलं नव्हतं, त्या कोपऱ्यात कॅमेराही नव्हता.

संध्याकाळी लीगच्या शिस्त समितीपुढे ऑनलाइन सुनावणी झाली. समितीच्या बाईंनी एवढंच विचारलं, "त्याच्या पाठीवरचा नंबर तुला दिसला होता का?"

समोरच्याची पाठ दिसली की थांबायचं, हे रिंकवर नवशिक्यांनाही सांगतात.

"दिसला," अनिश म्हणाला. "थांबता आलं असतं. मी थांबलो नाही."

पाच मॅचची बंदी. म्हणजे फायनल गेलीच. कॅप्टनने त्यानंतर त्याचा फोन उचलला नाही.

जेवताना मात्र अनिशने आणखी एक पोळी मागून घेतली.

"भूक लागली वाटतं आज," तेजश्री हसून म्हणाली.

"हो गं. चार दिवस घास उतरत नव्हता."

शनिवारी दुपारी तो लियमच्या घरी गेला. लियम सुतार, हात गळ्यात बांधलेला, काम बंद. दार त्याने अर्धंच उघडलं.

"सॉरी म्हणायला आलोय. चूक माझीच होती."

"ऐकलं मी. तू कबूल केलंस ते," लियम म्हणाला. "आज तुमची फायनल ना?"

"त्यांची आहे. मी मोकळा आहे." अनिशची नजर मागच्या अंगणाकडे गेली. गवत गुडघाभर वाढलेलं. "ते कापून देऊ?"

लियमने गॅरेजकडे बोट दाखवलं.

अर्धं अंगण झालं, तेव्हा पायरीवर बसून फोनवर मॅच बघणारा लियम ओरडला, "तुमचा गोल!"

मशीनच्या आवाजात अनिशला नीट ऐकू आलं नाही. त्याने नुसता हात वर केला. कुंपणाकडची पट्टी राहिली होती. त्याने मशीन तिकडे वळवलं.