कोकणात नेलेला नारळ

"आई, कोकणात नारळ आणलास? गेवराईहून?"

माझी पिशवी उघडून संजय ओसरीवर उभ्याउभ्या हसायला लागला. सून वनिताही हसली, पण ओढणी तोंडाला लावून. शहाणी आहे ती. वर बघितलं तर चारी बाजूंनी नारळाचीच झाडं, आणि एकेकाला इतके नारळ, की खाली बसणाऱ्यानं जपूनच बसावं.

"हसा, हसा. समुद्राला बी दिसू द्या दात," मी म्हणाले. "आण इकडं ते."

नारळ हिसकून घेतला आणि परत वाकळीच्या घडीत ठेवला. आमचे हे पायरीवर बसून चपला काढत होते. त्यांनी नारळाकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. चेहऱ्यावर काही नाही. दिवाळीपासून हा चेहरा असाच होता, उपसून कोरड्या केलेल्या हौदासारखा. नारळ त्यासाठीच आणला होता. पण ते हसणाऱ्यांना काय सांगायचं?

आमचे हे, शहादेव, पानाडी. जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारे. शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवायचा, अनवाणी सगळं रान फिरायचं आणि जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं खुणेचा दगड मांडायचा. चाळीस वर्षं हेच केलं. गेवराईपासून दिंद्रुडपर्यंत लोक मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचे. मी जन्मभर थट्टाच केली. "ह्यांच्या नारळाला सगळ्या गावचं पाणी दिसतं, माझा रिकामा रांजण तेवढा दिसत न्हाई," असं चारचौघांत म्हणायचे. हे मिशीत हसायचे. संध्याकाळी मातीनं भरलेले पाय घेऊन दारात आले, की त्या पायांवर पाणी मात्र मीच ओतायचे. ते लोकांना कुठं ठाऊक?

दिवाळीच्या आठवड्यात दिंद्रुडला माझ्या भावाच्या मुलानं, रामहरीनं, बोअर घेतलं. जागा ह्यांनी दाखवली. मशीन पाचशे फूट खाली गेलं आणि वर आला नुसता फुफाटा. रामहरी म्हणाला, "जाऊ द्या मामा, जमिनीचं नशीब." त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे घरी आले, नारळ कोनाड्यात ठेवला आणि त्या दिवसापासून चप्पल घालून शेतात जायला लागले. बोलणं संपलं. मी टोचून बघितलं, भांडून बघितलं. पण समोरून कुणी भांडत नसेल तर एकटं किती भांडणार?

म्हणून पुण्याचा संजय म्हणाला, "आबांना समुद्र दाखवू. शनिवार-रविवार. नाताळची गर्दी ओसरली, आता सगळं मोकळं असतं." तशी त्याची गाडी घाट उतरून गुहागरच्या पुढच्या ह्या लहानशा गावात आली.

मोकळं म्हणजे किती मोकळं! भेळेच्या गाड्यांवर निळ्या ताडपत्र्या बांधलेल्या. घोडागाडी होती, घोडा नव्हता. वाळूत आम्ही चौघं आणि एक कुत्रं.

"एवढा समुद्र, आन् बघायला चार माणसं," मी म्हणाले. "आमच्या तालुक्याला असता तर रोज जत्रा भरली असती."

पाणी पायापर्यंत आलं तसे हे दोन पावलं मागं सरकले. चप्पल भिजू नये म्हणून.

उतरलो होतो त्या घराची मालकीण वनमाला, पन्नाशीची, कामाला वाघ. संध्याकाळी तिनं अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं आणि खाली झावळ्या सारल्या. आम्ही शेकायला बसलो. थंडी कसली, आमच्याकडं एवढ्या थंडीला लोक अंगावर काही घेतसुद्धा नाहीत, पण जाळ बरा वाटत होता. तिनं कपबशीतून चहा दिला. ह्यांची बशी खुळखुळ वाजली आणि चहा धोतरावर सांडला.

"चहा पेताय का सडा टाकताय?" मी म्हणाले. सवयीनं.

ह्यांनी कप खाली ठेवून दिला.

"मावशी, अंघोळीला टाकीतलंच पाणी घ्या हां," वनमाला म्हणाली. "विहिरीचं अंगाला चिकटतं. चार वर्षं झाली, मचूळ झालंय. प्यायचं डोंगरावरनं पाइपानं येतं, ते पण एक दिवसाआड."

"म्हंजी समोर एवढं पाणी आन् तुमीबी एक दिवसाआड? मग आमच्यात आन् तुमच्यात फरक काय राह्यला?"

"फरक आहे ना. तुम्हाला पाणी दिसत नाही, आम्हाला दिवसभर दिसतं."

बाई मला आवडली. आणि आवडलेल्या माणसापुढं माझी जीभ सैल सुटते.

"आमचे हे पानाडी हायेत," मी म्हणाले. "लई मोठे. दोन-अडीचशे हिरी दाखवल्यात त्यांनी. सकाळी तुमाला गोडं पाणी दाखवतील."

वनिता माझ्याकडं बघतच राहिली. लग्न होऊन आठ वर्षं झाली तिला. सासऱ्याचं कौतुक तिनं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

जेवणं आटोपून खोलीत आलो तेव्हा ह्यांनी तोंड उघडलं. "कावून बोललीस?"

"तोंड माझं हाय."

"मला जमायचं न्हाई."

"न्हाई जमलं तर न्हाई. पण तुमी मुक्यावानी बसता, ते मला जमत न्हाई."

भिंतीकडं तोंड करून त्यांनी वाकळ ओढून घेतली. पण तीन महिन्यांत माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलले होते. मी तेवढ्यावर झोपले.

उजाडताना जागी झाले तर शेजारची जागा रिकामी. वाकळीतला नारळ नव्हता. पायरीवर चपला मात्र होत्या, एकीला एक लावून नीट ठेवलेल्या. तशीच घरामागच्या वाडीत गेले.

दहिवरानं जमीन ओली होती. पोफळींच्या रांगेतून हे चालत होते, अनवाणी, तळहातावर नारळ आडवा. तीच चाल, पाऊल टाकायचं आणि थांबायचं. वनमाला खराटा घेऊन उभी होती. संजयच्या तोंडात ब्रश होता, म्हणून तो गप्प होता. नाहीतर त्याचा ह्या विद्येवर काडीचा विश्वास नाही.

मागच्या कुंपणापाशी फणसाखाली नारळ हलला. शेंडी वर झाली. पडली. पुन्हा वर झाली.

"उठला!" मी ओरडले आणि खुणेला धोंडा शोधायला वाकले. वनमालानं हात जोडले.

हे मात्र तिथंच उभे राहिले. नारळाकडं बघत नव्हते, स्वतःच्या मनगटाकडं बघत होते. मग दुसऱ्या हातानं त्यांनी नारळ उचलून छातीशी धरला.

"न्हाई," म्हणाले.

"अहो उठला की! म्या बघितला!"

"नारळ न्हाई उठला. हात हालला माझा."

मग ते वनमालाकडं वळले. "बाई, माझ्या सांगण्यावर खड्डा घेऊ नका. पाणी आसंल, नसंल. मला आता कळत न्हाई. दिंद्रुडला बी असाच हालला, आन् म्या उठला म्हणून सांगितलं."

वनमालानं जोडलेले हात खाली घेतले. "बरं काका," म्हणाली. "चाय ठेवते मी." आणि खराटा टेकवून आत गेली.

धोंडा माझ्या हातातच राहिला. दसऱ्यापासून ह्यांनी गुंड्यांचा सदरा सोडला होता, म्हणून मी म्हणाले होते, अंगात आळस भरलाय. आमटी सांडली तेव्हा म्हणाले होते, लहान झालात का. मला सगळं दिसलं होतं. प्रत्येकाला टोमणाही दिला होता. विचारलं तेवढं नव्हतं.

वाडीच्या फाटकातून हे तसेच समुद्राकडं निघाले. मी मागं गेले.

"टाकू नका पाण्यात," मी म्हणाले. "कालवणाला येईल खोबरं."

"टाकतोय कशाला? तुझा हाय तो. एवढ्या लांब वाहून आणलास." आणि ते हसले, मिशीत, पहिल्यासारखे.

नारळ माझ्याकडं देऊन ते वाकले आणि लाटेत हात मनगटापर्यंत बुडवला. "बघ बरं. हितं हालतो का न्हाई, कळतंय का?"

पाणी हलत होतं, पाण्यातला हात हलत होता, खालची वाळूसुद्धा हलत होती. मीही माझा हात शेजारी बुडवला.

"न्हाई कळत," मी म्हणाले.

परत आलो तर त्यांनी संजयला रामहरीचा फोन लावायला सांगितला. ओसरीच्या खांबाला टेकून बोलले. "रामहरी, जमिनीचं नशीब न्हाई रं. माझाच हात. तुला सांगायचं राह्यलं व्हतं." तिकडून तो काय म्हणाला ते कळलं नाही. ह्यांनी दोनदा 'हां' म्हटलं, मग एकदा 'येतो की' म्हटलं, आणि फोन संजयकडं दिला. संजयनं तो कितीतरी वेळ नुसता हातात धरला होता.

वनमालानं चहा आणला. चार कप, चार बश्या. ह्यांनी हात पुढं करायच्या आत मी त्यांच्या कपाखालची बशी काढून घेतली.

"आमच्यात बशी घेत न्हाईत," मी तिला सांगितलं.

काल संध्याकाळी मी बशीत ओतून फुर्रफुर्र आवाज करत दोन कप प्यायले होते. वनमालानं ते बघितलं होतं. वनितानंही. वनिता उठली. माझ्या, संजयच्या आणि स्वतःच्या कपाखालच्या बश्या तिनं काढल्या, एकावर एक ठेवल्या आणि आत नेऊन ठेवल्या.

ह्यांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि समुद्राकडं बघत सगळा चहा संपवला.