साखरेच्या डब्याचं झाकण

बाईंना खात्यात सगळे झाकणबाई म्हणत आणि बाईंना त्याचा राग येत नसे. उलट कुणी नवखा बिचकत ‘मॅडम’ म्हणाला, तर त्याच सांगत, "झाकणबाई म्हणा हो, मॅडम इथे ढिगानं आहेत." एकोणतीस वर्षांपूर्वी एका उपग्रहाच्या कॅमेऱ्याला त्यांनी झाकण केलं होतं. वर पोचलं की खटका सुटायचा, स्प्रिंग ढकलायची आणि झाकण कायमचं उडून जायचं. ते पहिल्याच फटक्यात उडालं आणि बाईंना पदक मिळालं. चाचणीसाठी केलेलं त्याचं जुळं भावंड निवृत्तीच्या दिवशी घरी आलं आणि साखरेच्या डब्यावर असं चपखल बसलं, की यजमान म्हणाले, "चला, सरकारनं एक तरी गोष्ट मापात केली."

निवृत्तीनंतर बाईंना तज्ज्ञ समितीवर घेतलं. पाच जण, एक लांबलचक टेबल आणि सरकारला सल्ला द्यायचा, की वर आकाशात कचरा होऊ नये म्हणून कोणते नियम करावेत. सातवं कलम बाईंनी स्वतः लिहिलं होतं : उपग्रहानं वर गेल्यावर कोणताही सुटा भाग मागे सोडू नये, पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान भागांना सूट. पंचवीसच का, हे कुणी विचारलं नाही. उपग्रह बनवणाऱ्या कंपन्यांचे एक प्रतिनिधी समितीत होते, ते तर खूशच झाले.

"बाईंचंच घ्या ना," ते म्हणाले. "एवढंसं झाकण! एकोणतीस वर्षांत कुणाच्या अध्यात ना मध्यात."

बाई गालातल्या गालात हसल्या. आपलं कौतुक कुणाला नको असतं! सह्या गुरुवारी व्हायच्या होत्या.

बुधवारी दुपारी समितीला रडार केंद्र दाखवायला नेलं. बुटक्या छताची खोली, खुर्च्यांच्या चाकांनी झिजलेला गालिचा आणि हाडं गोठवणारा एसी. पडद्यासमोर स्वेटर घालून एक बाई बसल्या होत्या. वीस वर्षं त्या त्याच खुर्चीत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"झाकणबाई तुम्हीच ना? पाच मिनिटं थांबा. तुमचं येतंय."

"माझं काय येतंय?"

"झाकण."

बाकीचे चहाला गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत. चार वाजून सतरा मिनिटांनी पडद्यावरच्या खरखरीतून एक बारीक रेघ वर आली. रेघ उंच व्हायची, खाली बसायची, पुन्हा उंच व्हायची.

"ही अशी वरखाली का होतेय?"

"गरगरतंय ते. एकदा चपटी बाजू आपल्याकडे, एकदा कड. साडेतीन सेकंदाला एक फेरा."

बाईंना आपली जुनी वही आठवली. स्प्रिंगची एक बाजू केसभर जास्त जोर लावत होती. चार महिने तिच्याशी झगडून शेवटी त्यांनी वहीत लिहिलं होतं : सुटल्यावर थोडं गरगरेल, साधारण साडेतीन सेकंद. ते खरं की खोटं, कुणी वर जाऊन बघणार नव्हतं. आणि आता ते समोर गरगरत होतं. त्यांच्या हातानं दिलेला तो एक धक्का एकोणतीस वर्षांत संपला नव्हता. बाईंना घरी जायला दोन बस बदलून दीड तास लागायचा, झाकणाला तेवढ्याच अंतराला तीन सेकंद. पृथ्वीला त्याच्या दीड लाखाच्या आसपास प्रदक्षिणा झाल्या होत्या. आपण पोरं वाढवली, केस पांढरे केले, साखर डब्यात भरली, संपवली, पुन्हा भरली, आणि हे सारा वेळ डोक्यावर असं फिरत होतं. बाईंचे डोळे भरून आले. इतकं मोठं काही आपल्या हातून झालंय, याचं त्यांना भय वाटलं.

"याच्यासाठी लोकांना आपापले उपग्रह बाजूला घ्यायला सांगावं लागतं," रडारवाल्या बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "आठ वर्षांत एकोणीस वेळा. मागच्या महिन्यात तर वादळाची खबर देणारा उपग्रह हलवला. थोडक्यात वाचला."

"मला कुणी बोललं नाही."

"सांगून तुम्ही काय केलं असतं?" त्यात टोमणा नव्हता.

"पडणार कधी ते?"

"इतक्या उंचीवरून? दीडशे वर्षं तरी धरा." झाकण दुसऱ्या दिवशी डोक्यावरून कधी जाईल, ती वेळ त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिली.

गुरुवारी सकाळी यजमान आंघोळीला गेल्यावर बाईंनी डब्यावरचं झाकण पिशवीत घातलं. बैठकीत अध्यक्षांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला, तेव्हा त्यांनी ते टेबलावर ठेवलं. साखरेचे चार दाणे कागदावर सांडले.

"पंचवीस का लिहिलं ते सांगते," बाई म्हणाल्या. "हे बावीस आहे. माझं झाकण नियमातून सुटावं म्हणून मी त्याला दार ठेवलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"पण बाई, त्यानं कुणाचं वाकडं केलंय?" कंपनीवाले म्हणाले.

"एकोणीस वेळा दुसऱ्यांनी वाट सोडली, म्हणून नाही केलं."

त्यांनी सूट खोडली आणि शेजारी सही केली. "कलमाखाली उदाहरण लागेल, ते माझं घाला. आणि कुणाचं झाकण, तेही लिहा."

"त्याची काही गरज नाही," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"पदक घेताना नाव लागलं होतं ना?"

कंपनीवाल्यांनी झाकण उचलून उलटसुलट करून पाहिलं. "मग भिंग उघडायचं कसं?"

"बिजागरी लावा. जड होते, महाग पडते, कधीकधी अडकते. मलाही तेव्हा सुचली होती. एक महिना वाचावा म्हणून मी ती सोडून दिली."

अध्यक्षांनी सही केली, मग एकेकानं. शेवटी कंपनीवाल्यांनीही.

संध्याकाळी यजमान दारातच उभे. "अगं, साखरेला मुंग्या लागल्यात. झाकण कुठाय?"

"ते समितीकडे ठेवून आले. चला, त्याचं जुळं दाखवते."

त्यांनी यजमानांना गच्चीवर नेलं. चिठ्ठीप्रमाणे सहा वाजून चार मिनिटांनी बाईंनी वर बोट केलं. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं.

"मला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाहीच. पण आहे. आत्ता, अगदी डोक्यावर." त्यांचं बोट दर साडेतीन सेकंदांनी हवेत एक गोल काढत होतं. यजमान बराच वेळ वर बघत राहिले. एरवी त्यांनी आतापर्यंत दोन विनोद केले असते.

"आपण गेल्यावर याच्याकडे कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

"आज त्या रडारवाल्या बाई. मग त्यांच्या खुर्चीत येईल ते माणूस, मग त्याच्यानंतरचं." बाईंनी बोट खाली घेतलं नाही. "दीडशे वर्षं कुणीतरी माझ्या झाकणावर डोळा ठेवून बसणार, अहो. माझा एक महिना वाचला म्हणून."

यजमानांनी त्यांचा वर धरलेला हात खाली घेतला आणि हातातच ठेवला. मग दोघं खाली आले आणि त्यांनी मुंग्या झटकून डब्यावर बशी ठेवली.