परड्यातली धामण

“परड्याच्या कडंनं कोण गेलं सळासळा,
भुईची लेक बाई, तिला मोकळा माझा मळा.”

आष्ट्याला माहेरी आई मळ्यात तण भांगलताना हे गुणगुणायची. तिला जाऊन किती वर्षं लोटली. पण आज सकाळच्या उन्हात तो आवाज चंद्राबाईच्या कानात अवचित उठला, आणि तेवढ्यात जयराजनं पहारेनं परड्याच्या कोपऱ्यातल्या दगडांच्या ढिगावरचा पहिला दगड उलथला. दगड गडगडत भोपळ्याच्या वेलावर गेला. वेल चिरडला.

“हितंच हाय ती,” जयराज वाकून फटीत बघत म्हणाला. तो तिच्या दिराचा मुलगा. रहिमतपुरात त्याचं खता-औषधांचं दुकान. “काकी, तवाच सांगितलं हुतं. परडं साफ ठेवा, पाला जाळा, उंदरांस्नी गोळ्या टाका. तुमी धामण पाळली! आता पाजा तिला दूध.”

“दूध न्हाई पीत ती. उंदरं खाती.”

“मग किटली निम्मीच का भरतीया गं रोज?”

हे गुंडानं विचारलं. तिचा नवरा, फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस. धार काढून तो नुकताच गोठ्यातून आला होता आणि मेढीला टेकून उभा होता. किटली त्यानं कोपरात अडकवली होती.

धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालते, आचळाला तोंड लावते आणि म्हैस आटते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेजारच्या भामाबाईनं तर ते डोळ्यांनी बघितलेलं. कुणाच्या गोठ्यात, ते मात्र ती दर वेळी निराळं सांगायची.

चंद्राबाईच्या परड्यात मागं उंदरांनी उच्छाद मांडला होता. रताळी आतून पोखरलेली, भुईमुगाच्या नुसत्या टरफलांचा सडा. जयराजच्या गोळ्या तिनं वळचणीला खोचून ठेवल्या त्या कायमच्या. उलट कोपऱ्यात दगड रचले, वांग्यांच्या बुडाशी पाला पसरला, कडेचं गवत उभं राहू दिलं. गुंडाला सगळं कवायतीसारखं रांगेत लागायचं. तो रोज कुरकुरायचा. आणि एका चैत्रात धामण आली. कुणी बोलावली नाही, कुणी हुसकली नाही. उंदीर हटले. पाल्याखालची माती लोण्यासारखी मऊ झाली. तेव्हापासून चंद्राबाई परड्यात पाऊल टाकण्याआधी जरा खाकरायची, दारात कुणी असावं तशी.

आणि दूध कुठं जातं, हेही तिला माहीत होतं.

एका पहाटे ती वैरण टाकायला गेली, तेव्हा गुंडा म्हशीखाली बसला होता. ज्याच्या धारेचा आवाज एके काळी रस्त्यावर ऐकू यायचा, त्याची मूठ अर्ध्यात येऊन थांबत होती. बोटं पुढं वळतच नव्हती. धार दोऱ्यासारखी बारीक. जरा वेळानं तो तसाच उठला, रेडकाला सोडलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. रेडकू कितीतरी वेळ पीत राहिलं, तोंडाला फेस येईपर्यंत. चंद्राबाई पावलं न वाजवता मागं फिरली. त्या दिवशी तिनं चहात थोडं पाणी वाढवलं. बोलली मात्र नाही. त्यालाही नाही.

आता एक वाक्य बोललं की पहार थांबली असती. पण ते जयराजसमोर बोलायचं होतं. सांजेपर्यंत ते दुकानात, तिथून पारावर, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी.

दुसरा दगड निघाला. तिसरा. फटीत पिवळसर शेपूट हललं.

“दिसली!” जयराजनं पहार वर उचलली.

चंद्राबाई अनवाणीच ढिगावर चढून उभी राहिली.

“काकी, सरका! चावंल!”

“चावू दी.”

“आवं तात्या, सांगा की ह्यास्नी!” जयराज गुंडाकडं वळला.

“चंद्रे, हो बाजूला.” आवाज फौजेतला, सगळ्या कंपनीला ऐकू जाईल असा.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. “आवं, दूध...” एवढं तोंडून निघालं. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली, आणि तिनं ओठ मिटले. पदर कमरेला खोचला.

“माजं परडं हाय,” ती म्हणाली. “दगडाला हात लावायचा न्हाई.”

“मग दूध जातंय कुटं, त्ये तरी सांगा!” जयराज घामानं भिजला होता. “आमी काय येडं हाय व्हय?”

“मला काय ठावं.”

आयुष्यात तिला धड खोटं बोलता आलं नव्हतं. आत्ताही आवाज चिरकला, आणि ती जमिनीकडं बघत राहिली. गुंडा तिच्याकडं बघत होता. तिच्या दगडांवर रुतवलेल्या पायांकडं, खाली गेलेल्या मानेकडं. ती कुठं बघून गप्प झाली होती, ते त्यानं बघितलं होतं.

गोठ्यात रेडकू चुटुचुटु पीत होतं.

गुंडानं किटली खाली ठेवली.

“जयराज, पहार ठेव.”

“पर तात्या...”

“ठेव म्हणतो न्हवं.”

तो वांग्यांच्या मधून चालत पुढं आला. रांग मोडली, एक फांदी अंगाला घासली, त्यानं तिकडं बघितलं नाही. पुतण्यासमोर येऊन त्यानं उजवा हात पुढं धरला आणि मूठ वळली. बोटं अर्ध्यात येऊन थांबली. तो ती तशीच धरून उभा राहिला, जयराजची नजर त्यावर पडून खाली जाईपर्यंत.

“दूध म्हशीतच ऱ्हातंय, मग रेडकू पितंय, गड्या,” तो म्हणाला. “माजी मूठच मिटत न्हाई. दिवाळीपासनं.”